चाळलेले निरोप

सात वर्षं ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि तरी रोज सकाळी आठ वाजल्यापासून एकाचा जीव दुसऱ्याच्या मुठीत असायचा. नुसतं म्हणायला नव्हे, अगदी खरोखर. उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचं त्यांचं काम. लंबू लाकडी फळीवर बसून भिंतीलगत लोंबकळत रंग मारायचा आणि पैलवान वर गच्चीत त्या फळीचा दोर सांभाळायचा.

लंबू तिचा नवरा. पैलवान तिचा सख्खा थोरला भाऊ. म्हणजे कुठूनही मोजलं तरी मधे तीच.

दोघांची दोस्ती तिच्या लग्नाच्या आधीची, किंबहुना लग्न त्या दोस्तीतूनच निघालं. दादाने मित्राला एकदा घरी चहाला आणलं. मित्राने दुसरा कप मागितला. पुढे तीन महिने तो रोज चहाला यायला लागला, तेव्हा आई म्हणाली, "याला चहाच हवाय की आणखी काही, ते एकदा विचारून घ्या रे. दूध परवडेना." लग्नात सगळ्यात मोठ्याने रडला तो पैलवान. बहीण जाते म्हणून नाही, तर मित्र आता जावई झाला, त्याला शिव्या कशा घालायच्या म्हणून.

शिव्या त्याने पुढेही घातल्याच. दोघांचं बोलणंच तसं होतं. ऐकणाऱ्याला वाटावं आता हाणामारी होणार, आणि ते एकाच ताटात जेवत असायचे. शिवाय त्यांची एक वेगळी भाषा होती, ती दोरावरची. फळीवरून एक झटका आला की खाली सोड, दोन आले की थांब, तीन आले की वर ओढ. तोंडाने हाका मारायची गरजच नाही. वारा असो, खाली रस्ता गर्जत असो, दोर बोलायचा आणि ऐकू यायचं.

भांडण झालं ते एका ठेकेदारासमोर, आणि ते इतकं लहान होतं की सांगायला जावं तर ऐकणारा म्हणेल, बरं, मग पुढे काय झालं? ठेकेदाराने विचारलं, "दोरावर माणूस भरवशाचा आहे ना?" लंबू हसत हसत म्हणाला, "आहे हो. फक्त जेवण झालं की जरा पेंगतो."

चार माणसं हसली. आता रंगाऱ्याला कुणी पेंगतो म्हटलं तर फार तर काय, भिंतीवर ओघळ दिसतात. दोरवाल्याला पेंगतो म्हटलं की त्याचा धंदाच बसला. पैलवान लालेलाल झाला आणि त्याच चार माणसांसमोर म्हणाला, "बहिणीकडे बघून धरतो तुझा दोर. नाहीतर कधीच सोडला असता."

लंबूने ते ऐकलं. फळीवर चढला, दिवसभर रंग दिला, संध्याकाळी उतरून मुकाट्याने घरी आला. काम दोघांपैकी कुणी सोडलं नाही. दुसरा रंगारी पैलवानाला नको होता आणि दुसरा दोरवाला लंबूला. फक्त तोंडं बंद झाली ती झालीच.

ते वाक्य तिच्या कानावर आलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. बहिणीकडे बघून धरतो. म्हणजे आपला नवरा नवव्या मजल्याजवळ लोंबकळतो तो खरं तर आपल्याला धरून. आपण मधून सरकलो, की... पुढचं तिने मनात येऊ दिलं नाही. टॉवेल दोनदा झटकला आणि वाळत घातला.

दुसऱ्या दिवसापासून निरोप सुरू झाले.

दुपारी ती दोन डबे घेऊन जायची. त्या वेळी लंबू खाली उतरून रंगाच्या डब्यांपाशी बसलेला असायचा आणि पैलवान गच्चीतच पाण्याच्या टाकीच्या सावलीत. आधी ती गच्चीवर जायची. 'लिफ्ट रहिवाशांसाठी' अशी पाटी जवळजवळ सगळ्याच इमारतींत असायची, त्यामुळे जिना. दादा डबा उघडता उघडता तोंडही उघडायचा.

"तुझ्या त्या बांबूला सांग, वर बसून पाय हलवू नकोस म्हणावं. झोका आहे का तो? दोर काचतो. अक्कल पायात आहे त्याची, तीपण हलवून सांडवतोय."

ती जिना उतरायला लागायची, आणि मजल्यागणिक एकेक शब्द गळायचा. आठव्यावर बांबू गेला. सहाव्यावर अक्कल गेली. चौथ्यावर झोका गेला. खाली पोचेपर्यंत चाळणीत राहायचं ते एवढंच: "अहो, दादा म्हणतो, पाय जपा."

"असं म्हणाला?"

"हो ना."

लंबू घास तसाच धरून वर बघायचा, गच्चीच्या कठड्याकडे. तिथे कुणी दिसायचं नाही. "म्हणावं, तूच जप. ढेरी कठड्याबाहेर आलीय, इथनं दिसते."

आणि दुसऱ्या दिवशी वर: "दादा, ते म्हणत होते, तूपण जप हो."

त्या दिवशी पैलवानाचा डबा घासून पुसून रिकामा व्हायचा.

घरात प्रत्येकाशी बोलायची तिची वेगळी चाल होती. नवऱ्याशी चिडवत बोललं तरच तो ऐकायचा, सरळ सांगितलं की वाद घालायचा. दादाचं आधी पूर्ण रागावून होऊ द्यायचं आणि मग हळूच आपलं म्हणणं सरकवायचं. वहिनीशी वाक्यं पुरी करायचीच नाहीत, "काल परत ते..." एवढं म्हटलं की वहिनी "हो ना, आणि वर..." म्हणायची, दोघींना सगळं समजायचं. अशी बाई दोन रुसलेल्या माणसांच्या मधे सापडल्यावर ती आणखी काय करणार? तिला वाटायचं, गाळलेला प्रत्येक टोमणा म्हणजे दोराला घातलेला आणखी एक पीळ.

पहिली दोन वर्षं ती नुसती गाळायची. मग थोडं घालायला लागली. चहात चिमूटभर साखर जास्त, इतपत. सातव्या वर्षी एकदा मात्र हात जरा सढळ सुटला.

लंबू तेव्हा फळीच्या दोराशिवाय दुसरा एक दोर कंबरेला बांधायचा. तो गच्चीतल्या खांबाला वेगळा बांधलेला असायचा. फळी सुटली तरी माणूस लटकून राहील, एवढ्यासाठी. एका संध्याकाळी तो खिन्न बसला होता. म्हणाला, "सात नाही, सत्तर वर्षं गेली तरी तुझा भाऊ काही माझा होणार नाही." तिला ते बघवेना. ती म्हणाली, "असं काय म्हणता? परवाच दादा म्हणत होता, तो फळीवर असला की माझी मूठ झोपेतसुद्धा मिटलेली असते म्हणून."

दादा असं काही म्हणाला नव्हता. असलं बोलणं दादाला सुचलंच नसतं. ते तिचं होतं, तिथल्या तिथे, पालेभाजी निवडता निवडता केलेलं.

लंबू उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कंबरेचा दोर घरीच ठेवला.

"अहो, हा राहिला."

"असू दे. त्याने एवढं म्हटल्यावर मी दुसरा दोर बांधून बसू? कसं दिसतं ते? त्याला कळू दे, माझाही विश्वास आहे म्हणून."

ती दोर हातात घेऊन दारापर्यंत गेली. पण लंबू सात वर्षांत पहिल्यांदा शीळ घालत जिना उतरत होता. तिने तो दोर गुंडाळून माळ्यावर टाकला. उद्या सांगू म्हणाली स्वतःशी. तो उद्या काही उगवला नाही.

मग आला तो सोमवार.

इमारत नऊ मजल्यांची होती, कुठल्याशा कार्यालयाची. गच्चीवर उन्हाने डांबर मऊ झालं होतं. पैलवानाने डबा घेतला तो डाव्या हाताने. झाकण उघडायला दोनदा बोटं घसरली, तेव्हा त्याने डबा गुडघ्यात धरला.

"काय रे दादा?"

"काही नाही. ऐक. त्या बांबूला सांग, माझी उजवी दोन बोटं मेलीत. ही करंगळी आणि ही तिच्या शेजारची. दुपारनंतर तर दोर धरलाय की सुटलाय तेच कळत नाही. बघून खात्री करावी लागते. फळी थांबलेली असते तोवर ठीक, खांबाला दोन वेढे असतात, भार खांब घेतो. पण खाली सोडताना एक वेढा काढावा लागतो. तेव्हा सगळा खेळ मुठीचा. जिवाची पर्वा असेल तर दुसरा दोर बांध म्हणावं. नसेल तर मर म्हणावं. नंतर मी कुणाचं ऐकून घेणार नाही."

"डॉक्टरला दाखव की."

"तू माझी आई आहेस का? जेवढं सांगितलं तेवढं सांग."

ती उतरायला लागली. आठव्या मजल्यावर बांबू गळला. सवयच होती. सहाव्यावर 'मर' गळलं, ते काय नवऱ्याला सांगायचं? पाचव्यावर तिला वाटलं, 'बोटं मेलीत' हे फारच वाईट ऐकू येतं. तिसऱ्यावर एक कारकून फायली घेऊन वर चढत होता, त्याला वाट द्यायला ती भिंतीला टेकली आणि तेवढ्यात 'ऐकून घेणार नाही' हेही गेलं. खाली पोचली तेव्हा तिच्याकडे एवढंच होतं:

"अहो, दादाचा हात जरा दुखतोय. दुसरा दोर बांधलात तर बरं, म्हणतो."

लंबूचा चेहरा एकदम पडला. "असं म्हणाला? दुसरा दोर बांध म्हणाला?"

"म्हणजे..."

"म्हणजे माझ्यावरचा भरवसा संपला त्याचा. मी त्याला पेंगतो म्हणालो होतो ते अजून धरून बसलाय. मी इथे एकाच दोरावर लोंबकळतोय, कुणासाठी? आणि हा—"

तिने त्याचा चेहरा पाहिला आणि सात वर्षांच्या सवयीने तिचं तोंड आपोआप चाललं. "नाही हो, दोराचं माझंच आपलं. तो काही म्हणाला नाही. हात दुखतो एवढंच म्हणाला."

"मग असं सरळ सांग ना. घाबरवलंस." तो हसला. "म्हणावं, तेल चोळ. म्हातारा झालास."

मंगळवारी गच्चीवर दादाने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

म्हातारा झालास, हे काही तिने सांगितलं नाही. "बघतो म्हणाले," ती म्हणाली.

पैलवानाने मान हलवली. मग उठून कठड्यापाशी गेला आणि खाली वाकून बघितलं. असं तो सहसा करत नसे.

बुधवारी तिचं अंग जरा कसकसत होतं, तिने डबे सकाळीच लंबूबरोबर दिले. गुरुवारी सकाळी वहिनीकडे गेली ती नुसती बसायला. वहिनी भांडी लावत होती. फळीवरचे कप कमी दिसत होते.

"कप कुठे गेले गं?"

"फुटले. तीन. सगळे यांच्या हातून. परवा तर सदऱ्याचं बटण मला लावायला सांगितलं. लग्नाला वीस वर्षं झाली, पहिल्यांदाच." वहिनीने तोंडाला पदर लावला. ती हसते आहे की काय ते कळेना. "पण वन्सं, दाजींची मात्र कमाल आहे हो."

"कसली कमाल?"

"सगळं ठाऊक असून चढतात. हे म्हणाले ना, त्याला सगळं कळवलं, बोटं मेलीत, धरवत नाही. बघतो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी तसाच फळीवर, दुसऱ्या दोराशिवाय. हे रात्री जेवले नाहीत. मला म्हणतात, बघ, मी सात वर्षं तोंड फिरवलं, आणि तो मेलेल्या बोटांवरसुद्धा जीव टाकतोय. रडले हो हे. मी म्हटलं, अहो डॉक्टरकडे तरी चला. तर म्हणतात, आता कुठल्या तोंडाने जाऊ? डॉक्टर काम बंद करायला लावेल. त्याने एवढा विश्वास दाखवला आणि मी दोर दुसऱ्याच्या हाती देऊ?"

वहिनी पुढेही बोलत होती. तिला फक्त ओठ हलताना दिसत होते.

"वन्सं? पाणी देऊ?"

"वहिनी, मी त्यांना..." आणि आज वहिनीला पुढचं कळलं नाही. पहिल्यांदाच.

ती निघाली. जिन्यातच तिने नवऱ्याला फोन लावला. वाजत राहिला. तो वाजणारच होता. फोन खाली पिशवीत, रंगाच्या फडक्याखाली. दादाला लावला. दोर हातात असताना फोन घ्यायचा नाही, हा दादाचाच नियम, आणि तो त्याने आईच्या शेवटच्या आजारातही मोडला नव्हता. सवयीने उचललेली डब्यांची पिशवी तिच्या हातात होती, रिकामी. रस्त्याने ती चालत होती की धावत होती, हे तिला नंतर सांगता आलं नाही. एक गोष्ट मात्र आठवते. सांगायचं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, आणि त्यातला एकही शब्द तिला गाळावासा वाटत नव्हता. दादाची बोटं मेलीत, तुम्ही उतरू नका, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

इमारतीच्या कोपऱ्यावर ती पोचली तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले असतील. लंबू सहाव्या मजल्यापाशी होता. अर्धी भिंत जुन्या, मळक्या रंगाची, अर्धी नवी पांढरी, आणि बरोबर मधल्या रेषेवर त्याचे दोन लांब पाय. हलत होते.

फळी थांबलेली होती. थांबलेली असते तोवर ठीक. तिने देवाचे आभार मानले आणि हाक मारली.

"अहो!"

खाली सिमेंट कालवायचं यंत्र घरघरत होतं. तिने आणखी जोर लावला. "अहो! उतरू नका! तिथेच थांबा!"

त्याने खाली पाहिलं. ती दिसली. त्याने कानाला हात लावून ऐकू येत नसल्याची खूण केली आणि हसला. मग त्याला तिच्या हातातली पिशवी दिसली. त्याने ब्रश डब्यात ठेवला, पोटावरून हात फिरवला, आणि बोटाने खालची खूण केली. आलोच.

"नाही! नाही!" तिने दोन्ही हात हलवले. दुसऱ्या कुणीही पाहिलं असतं तर म्हटलं असतं, बाई नवऱ्याला बोलावते आहे.

त्याने दोराला एक झटका दिला.

वर गच्चीत कुणीतरी एक वेढा काढला असेल. ते तिला दिसलं नाही. तिला दिसली ती फळी. फळी हलली आणि खाली यायला लागली. सहाव्यावरून पाचव्यावर अलगद आली, रोज येते तशी. तिथे एक गचका बसला आणि ती थांबली. लंबूने वर पाहिलं. पुन्हा सुरू. चौथा मजला. पुन्हा थांबली, आता जरा जास्त वेळ. कुणीतरी वर मूठ बघत असेल, धरलंय की सुटलंय. ती फळीखाली येऊन उभी राहिली, जणू झेलणार होती. यंत्रावरच्या माणसाने "ओ बाई, मागं व्हा" म्हणत तिला दंडाला धरून ओढलं. तिसरा. फळी हळूहळू येत होती, इतकी हळू की तिला वाटलं, जमलं. जमवलं दादाने.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या वर दोर सुटला.

आवाज फार मोठा झाला नाही. रंगाची बादली आधी आपटली आणि पांढरा फवारा तिच्या पायांवर आला. मग वाळूच्या ढिगाच्या कडेवर लंबू. अर्धा वाळूत, अर्धा फरशीवर. यंत्र कुणीतरी बंद केलं, आणि त्या शांततेत वर गच्चीतून दादाचा आवाज आला. तो शब्द नव्हता. सात वर्षांत लंबूसाठी त्याच्या तोंडून थेट निघालेलं ते पहिलं काहीतरी होतं, आणि त्याचा निरोप होऊ शकत नव्हता.

लंबू वाचला. डावा पाय दोन ठिकाणी मोडला, टाच चुरली, कंबरेला मार बसला. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण फळीचं काम विसरा. पैलवानाने दोर शेवटपर्यंत सोडला नव्हता. दोर त्याच्या दोन्ही तळव्यांतून कातडी घेऊन गेला. उजव्या हाताला ते समजलंच नाही म्हणे. डाव्याला समजलं.

चौथ्या दिवशी दुपारी पैलवान दवाखान्यात आला. दोन्ही हातांना जाड पट्ट्या, मागे वहिनी. ती आधीपासूनच लंबूच्या पलंगाशी स्टुलावर बसलेली होती. लंबूचा पाय वजन लावून टांगलेला होता. सकाळीच तो नर्सला म्हणाला होता, "बघा, अजून टांगलेलाच आहे मी." नर्स हसली होती. ती हसली नव्हती.

पैलवान पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. लंबू छताकडे बघत राहिला. शेजारच्या पलंगापाशी बसलेली म्हातारी सोललेलं फळ हातात धरून दोघांकडे बघायला लागली. तिला काय माहीत, पण खोलीत कुणी श्वास रोखला की सगळ्यांना कळतं.

"सांगितलं होतं ना तुला," पैलवान म्हणाला. आवाज घोगरा आला. "सांगितलं होतं ना रे."

लंबूने मान वळवली. "काय?"

"बोटं मेलीत म्हणून. दुसरा दोर बांध म्हणून."

"मला? कधी?"

"सोमवारी."

"सोमवारी तू म्हणालास, हात दुखतो."

"दुखतो? दुखत असता तर रडलो असतो का? दुखत नव्हता तीच तर भीती."

ती स्टुलावरून उठली. "अहो, दादाला म्हणायचं होतं की—"

"थांब," लंबू म्हणाला. रागाने नाही. "तो इथेच आहे."

ती पुन्हा बसली. वहिनीने पडदा ओढून घेतला, म्हातारी पलीकडे गेली. पडद्याच्या आत चौघं आणि औषधाचा वास.

दोघांनी सुरुवात केली ती हळूहळू. रंग द्यायच्या आधी भिंत ठोकून बघतात ना, कुठे भरीव, कुठे पोकळ, तसं.

"मागे मला ताप आला होता," लंबू म्हणाला, "तेव्हा तू म्हणालास, काम गेलं खड्ड्यात, आधी बरा हो."

"मी म्हणालो, आठ दिवस बुडाले, आता नाटकं पुरे."

"हं."

"आणि माझ्या पोरीचा निकाल लागला तेव्हा? तुझे डोळे भरून आले म्हणे."

"निकाल लागल्याचं मला दोन दिवसांनी कळलं." लंबूने थोडं थांबून विचारलं, "मी नवा ब्रश घेतला तेव्हा तू खरंच म्हणालास का, हात बसलाय याचा म्हणून?"

"ते म्हणालो." पैलवानाने जरा विचार केला. "निदान तसं काहीतरी म्हणालो."

तिने एकदम मान वर केली. "बघा! ते होतं. तसं बरंच होतं."

दोघंही ओरडत नव्हते, हेच तिला सहन होईना. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिला त्या कशा वळवायच्या ते माहीत होतं. सात वर्षांपूर्वीचे ते दोघं असते तर एव्हाना दवाखाना डोक्यावर घेतला असता. हे दोघं जपून, अदबीने बोलत होते, नव्याने ओळख झालेली माणसं बोलतात तसे. एकमेकांना आवडणारा जो माणूस ते इतकी वर्षं मनात बाळगून होते, तो समोरच्या पलंगावर नव्हता आणि पायथ्याशीही उभा नव्हता. तो कुठे होता ते दोघांनाही आता कळलं होतं.

"आणखी एक होतं," लंबू म्हणाला. "झोपेत..." तो थांबला. पैलवानाच्या पट्ट्यांकडे त्याने पाहिलं. "जाऊ दे. ते नको."

"काय ते?"

"नको म्हटलं ना."

वहिनी तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. वहिनी मनातल्या मनात मागे जात होती, वीस वर्षं मागे, आणि दोघींच्या अर्ध्या वाक्यांचे उरलेले अर्धे तपासत होती.

"चिमे," पैलवान म्हणाला. लहानपणापासून तो तिला याच नावाने हाक मारायचा, पण आज तो बहिणीला हाक मारतोय असं वाटेना. "तूच सांग आता. पहिल्यापासून. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, आणि तू काय घातलंस."

"सगळं?"

"सगळं."

तिला खरंच सांगायचं होतं. पाय मोडला तेव्हाच तिने ठरवलं होतं, आता काही राखायचं नाही. तिने पदराने हात पुसले, ते कोरडेच होते. पहिल्या आठवड्यातला एक निरोप तिला आठवला, शब्द न् शब्द आठवला. "रुसवा धरायचं आता वय राहिलं नाही आपलं." तो तिने खाली नेला होता की वर, हे तिला आठवेना. दादाचा होता की यांचा? का दोघांपैकी कुणाचाच नाही? तिने दुसरा आठवून पाहिला. तिसरा. सगळे निरोप एकाच आवाजात ऐकू येत होते, आणि तो आवाज तिचाच होता.

"बोल," लंबू म्हणाला. "आम्ही ऐकतोय."

ती दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघू लागली, आधी काय सांगितलं तर कुणाला बरं वाटेल याचा अंदाज घेत. आणि तिच्या नजरेची ती ये-जा दोघांनीही एकाच वेळी पाहिली.